मुंबईत दोघांनी मोठ्या हॉटेलात पहिल्यांदा जेवायला जाताना

मुंबईत येऊन एव्हाना बूड टेकलेलं असतं. ऑफिसजवळचा उडपी, स्टेशनबाहेरचा चायनीजवाला, कोपऱ्यावरची परमिट रूम, सगळं पालथं घालून झालेलं असतं. मग लग्नाचा पहिला वाढदिवस येतो, नाहीतर जिला किंवा ज्याला विचारायचं धाडस होत नव्हतं ती व्यक्ती एकदाची "चालेल, जाऊ या शुक्रवारी" म्हणते, आणि या वेळी जरा बऱ्या ठिकाणी जावं असं वाटतं. मंद दिवे, कापडी नॅपकिन, दारात हसून स्वागत करणारी मुलगी, असं काहीतरी. अशा ठिकाणी पाऊल टाकताना धास्ती दोन गोष्टींची असते: बिल किती होईल, आणि आपलं काही चुकेल का. दुसरी धास्ती बहुतेक फुकाची आहे. विचाराल ते सांगणं हेच तिथल्या माणसांचं काम आहे. पहिली मात्र खरी, आणि ती घरीच कागद-पेन घेऊन मिटवून निघावं.

आधी आकडा ठरवा

मेन्यूवरच्या किमती कर सोडून असतात. तसं तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, पण ते कोण वाचतो! स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर जेवणावर जीएसटी ५ टक्के. मोठ्या हॉटेलातलं, म्हणजे जिथे खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं अशा ठिकाणचं रेस्टॉरंट असेल, तर १८ टक्के. दारूला जीएसटी नाही. तिच्यावर राज्य सरकारचा व्हॅट बसतो आणि बिलात तो वेगळा दिसतो.

समजा तुम्ही दोघांनी मिळून ४,००० रुपयांचं जेवण मागवलं. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ते ४,२०० ला पडेल, पंचतारांकितमध्ये ४,७२०. आता स्वतंत्र ठिकाणी १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला असेल तर आधी ४०० वाढतात आणि मग ४,४०० वर ५ टक्के कर लागून ४,६२० होतात. सर्व्हिस चार्जवरही कर लागतो हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्याबद्दल पुढे बिलापाशी बोलू.

मेन्यू बहुतेक ठिकाणचा ऑनलाइन असतो. तो घरी उघडायचा, काय काय घेऊ असं वाटतं त्याची बेरीज करायची आणि वर पाव हिस्सा धरून ठेवायचा. तो आकडा बघून पोटात गोळा आला तर जागा बदला, पदार्थ कमी करू नका. महागड्या ठिकाणी जाऊन मेन्यूच्या उजव्या बाजूकडेच बघत बसण्यापेक्षा एक पायरी खालच्या ठिकाणी मोकळेपणाने खाल्लेलं कधीही बरं. आणि पैसे कोण देणार, की निम्मे-निम्मे, हे निघण्याआधी बोलून घ्या. बिलाच्या फोल्डरवरून "मी देतो, मी देते" असली ओढाताण बघणाऱ्यालाही अवघड होते.

कुठे जायचं

समाजमाध्यमांवरच्या रील बघून जागा निवडू नका. रीलमध्ये आवाज ऐकू येत नाही, आणि दोघांच्या जेवणाचं पहिलं मोजमाप आवाजच असतो. लोअर परळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वांद्रे इथल्या कित्येक जागा रात्री दहानंतर बार होतात. संगीत चढतं, टेबलं एकमेकांना खेटलेली, आणि समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. मित्रांच्या घोळक्याला ते झकास. दोघांना नाही. फोन करून सरळ विचारा, "शुक्रवारी रात्री डीजे असतो का?" खरं उत्तर मिळतं.

मी ढोबळ तीन पायऱ्या मानतो. पहिली पायरी म्हणजे आपल्याला समजणारं जेवण, पण नीट वाढलेलं, एसीत, टेबलावर कापड असलेलं: विलेपार्ल्याचं गजाली, फोर्टातलं महेश लंच होम, माहीमचं दिवा महाराष्ट्राचा. पदार्थ ओळखीचे असल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला इथे दडपण येत नाही. ज्यांना सासूबाईंच्या हातच्या तिखल्याची तुलना केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दुसरी पायरी शेफच्या नावावर आणि कल्पनेवर चालणाऱ्या रेस्टॉरंटांची. कमला मिलमधलं बॉम्बे कँटीन २०१५ मध्ये सुरू झालं आणि देशभरातल्या घरगुती पदार्थांना नवं रूप देण्यासाठी ओळखलं जाऊ लागलं. त्याच मंडळींचं बीकेसीतलं ओ पेड्रो गोव्याच्या चवीचं आहे. कुलाब्याचं द टेबल २०११ पासूनचं. काळा घोड्याला दोन जुनी नावं आहेत: १९५८ पासूनचं खैबर, जिथे कबाब, डाळ आणि भिंतीवरची चित्रं तिन्ही गोष्टी बघण्यासारख्या, आणि ट्रिश्ना, जिथला बटर-पेपर-गार्लिक खेकडा खायला लोक विमानतळावरून थेट येतात असं म्हणतात. ट्रिश्ना दिसायला काही भपकेदार नाही, पण खेकड्याचं बिल बघून ते लक्षात राहतं.

तिसरी पायरी म्हणजे पंचतारांकित हॉटेलं आणि टेस्टिंग मेन्यूची ठिकाणं. महालक्ष्मीला जुन्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात २०१६ साली सुरू झालेलं मास्क यात मोडतं. अशा ठिकाणी तुम्ही पदार्थ निवडत नाही. शेफ ठरवतो आणि एकामागून एक लहान लहान ताटल्या येत राहतात. किंमत माणशी ठरलेली असते. दोन-अडीच तास सहज जातात. पहिल्याच भेटीला हे नको. बोलायला विषय संपला तर उठून जायची सोय नसते!

यातली एक वाट कमी लोक धरतात, पण मला ती फार आवडते. १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल पॅलेसच्या सी लाउंजमध्ये संध्याकाळच्या चहाला जायचं. खिडकीतून गेटवे आणि बंदरातल्या बोटी दिसतात, नोकरचाकर जुन्या वळणाचे, आणि तुम्ही तिथे गेला होतात हे दोन्हीकडच्या आईवडिलांना सांगताना दारूचा विषय निघत नाही. खर्च जेवणापेक्षा कमी, पण १८ टक्के इथेही लागतात हे लक्षात ठेवा. तसंच काही चांगल्या रेस्टॉरंटांत कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक दराचं जेवण असतं, तेच स्वयंपाकघर, रात्रीपेक्षा बरंच स्वस्त. दोघांना रजा मिळत असेल तर मंगळवारची दुपार शनिवारच्या रात्रीपेक्षा शंभर पटीने शांत.

बुकिंग

बुकिंग अॅपवरून होतं, रेस्टॉरंटच्या साइटवरून होतं, फोनवरूनही होतं. अॅपवर बिलात सवलत मिळते, म्हणून तिथे बघावंच. पण एखादी गोष्ट खास हवी असेल तर वर एक फोन करावा. "दोघांसाठी टेबल, खिडकीपाशी किंवा कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या आणि टॉयलेटच्या दारापासून लांब." एवढं एक वाक्य. त्यातलं निम्मं तरी ते पाळतात.

गजबजलेल्या ठिकाणी रात्रीच्या दोन पाळ्या असतात, साडेसातच्या आसपास आणि साडेनऊच्या आसपास. पहिली घेतलीत तर कधी टेबल रिकामं करायचं ते विचारून घ्या. तरीही पहिलीच घ्या असं मी सांगेन. आवाज कमी, वेटरला तुमच्यासाठी वेळ, आणि परतीची लोकल हाताशी. काही जागा बुकिंगच्या वेळी आगाऊ रक्कम घेतात आणि आला नाहीत तर ती बुडते. व्हॅलेंटाईन डे आणि ३१ डिसेंबरला बहुतेकांचा ठरावीक, फुगवलेल्या दराचा मेन्यू असतो. त्या दोन रात्री घरी वरणभात करा.

तारीख ठरवताना आपलं पंचांग बघायला विसरू नका. यात मी थट्टा करत नाही. श्रावण, संकष्टी, मार्गशीर्षातला गुरुवार, समोरच्याच्या घरी काय पाळतात हे ठाऊक नसेल तर सीफूडच्या ठिकाणी जाऊन बसल्यावर "आज माझं नसतं" ऐकावं लागतं. शिवाय आषाढी एकादशी, २ ऑक्टोबर अशा ड्राय डेला आणि मतदानाच्या आसपास दारू मिळणार नाही. आणि १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत पापलेट-सुरमई मिळते, पण बर्फातली किंवा लांबून आलेली, आणि भाव चढलेला. मासे खायचे तर नारळी पौर्णिमा होऊन जाऊ द्या.

कुणाला शेंगदाणा, कोळंबी, दूध असं काही चालत नसेल, जैन जेवण हवं असेल, वाढदिवसाचा केक न्यायचा असेल, हे सगळं बुकिंगलाच सांगायचं. बाहेरचा केक कापून वाढायचे काही जण पैसे घेतात. स्वतःची वाईन नेली तरी ती उघडून देण्याचे पैसे लागतात, त्याला कॉर्केज म्हणतात, आणि ते किती हे आधी विचारलेलं बरं.

कपडे आणि प्रवास

"स्मार्ट कॅज्युअल" असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ पुरुषांसाठी इतकाच: लांब पँट, कॉलरचा शर्ट, बंद चप्पल-बूट. हाफ पँट आणि फ्लोटर्स घालून गेलात तर मोठ्या हॉटेलात दारातच हळू आवाजात अडवतात. बायकांना असं कुणी काही म्हणत नाही. सुती साडी, कुर्ता, ड्रेस, काहीही शोभतं. एसी मात्र कडक असतो; ओढणी किंवा शाल असू द्या.

मुंबईची एक गंमत इथे कामी येते. संध्याकाळी सगळं शहर उत्तरेकडे परतत असतं. त्यामुळे बोरिवलीहून चर्चगेटला किंवा ठाण्याहून सीएसएमटीला साडेसहाला निघालात, तर उलट्या दिशेच्या गाडीत बसायलाही मिळतं आणि इस्त्री मोडत नाही. काळा घोडा, कुलाबा, फोर्ट इथे जेवायला जायचं हे एक मोठं कारण आहे. शिवाय तीन नंबरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. काळा घोड्यासाठी हुतात्मा चौक स्टेशनला उतरलात की पाच-सात मिनिटांची चाल. घामाने न भिजता पोचायचं तर याहून चांगलं काही नाही. पण मेट्रो रात्री लवकर मिटते, म्हणून ती जाण्यासाठी, येण्यासाठी लोकल नाहीतर टॅक्सी.

रिक्षा वांद्र्याच्या आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाही हे नव्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं. अंधेरीहून रिक्षाने वरळीला जायचं ठरवून निघालात तर माहीमच्या अलीकडेच उतरावं लागेल. बाइकवाल्यांना सी लिंक आणि कोस्टल रोड दोन्ही बंद. गाडी नेत असाल तर व्हॅले असतं, म्हणजे त्यांचा माणूस गाडी लावून देतो; चावी दिलीत की पावती घ्यायची. पण एक घोट जरी घेणार असाल तर गाडी घरी ठेवा. शनिवार रात्रीच्या नाकाबंदीत फुंकायला लावतात.

दारात आणि टेबलावर

आत गेल्यावर आपलं आपण जाऊन टेबल पकडायचं नसतं. दारात उभं राहा, नाव सांगा, कुणीतरी नेऊन बसवेल. दिलेलं टेबल आवडलं नाही तर बसण्याआधी सांगा: "तो कोपरा रिकामा असेल तर चालेल का?" बसल्यावर, पाणी ओतून झाल्यावर उठायला आपल्यालाच जड जातं. गच्चीवरची जागा असेल तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते एकदा डोळ्यांनी बघून ठेवा. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले, त्यानंतर ही सवय लावून घेण्यात लाज कसली?

मेन्यू इंग्रजीत असतो, कधी त्यात फ्रेंच-इटालियन शब्दही घुसडलेले असतात. पण मागवायला इंग्रजी लागत नाही. वाढणारी मुलं उत्तराखंडची, ईशान्येकडची, बंगालची असतात, हिंदी सगळ्यांना येते, आणि कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचा मुख्य, कित्येकदा कुडाळ-सावंतवाडीकडचा निघतो. "तुम्ही कोकणातले का?" इतकं विचारलंत तर पुढची संध्याकाळ सोपी जाते. बोलवायचं असेल तर नजरेला नजर मिळवून हात जरासा वर करा. चुटक्या वाजवणं, "ए वेटर" म्हणणं, हे कुठेच बरं दिसत नाही, इथे तर नाहीच.

पहिला प्रश्न पाण्याचा. "स्टिल की स्पार्कलिंग?" असं विचारतील. दोन्ही बाटलीबंद, दोन्हीचे पैसे. आणि छापील किमतीपेक्षा जास्त लावले म्हणून भांडून उपयोग नाही. रेस्टॉरंटने बाटलीला छापील किमतीहून जास्त पैसे घेतले तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलं आहे. तुम्हाला नको असेल तर शांतपणे म्हणा, "साधं पाणी द्या." चांगल्या ठिकाणी गाळलेलं पाणी काचेच्या जगमधून आणून देतात, तेही तितकंच हसून.

नॅपकिन मांडीवर. काटे-चमचे जास्त असतील तर बाहेरच्या बाजूचे आधी, मग आत सरकत जायचं. समजलं नाही तर हवा तो उचला. संपलं की काटा-सुरी ताटलीत शेजारी-शेजारी ठेवली की उचलून नेतात. मध्येच हात थांबवायचा असेल तर दोन्ही तिरकी वेगळी ठेवायची. बस, एवढंच. भाकरी, पोळी, नान, खेकडा हे हातानेच खायचं असतं. नानला सुरी लावणारा माणूस मी पाहिलेला आहे, तो दिसायला हास्यास्पद असतो.

सुरुवातीला न मागवता एक घासाएवढं काहीतरी येतं. ती शेफकडून भेट, त्याचे पैसे नाहीत. ब्रेडची टोपली मात्र काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी नाही. विचारून घ्या.

काय मागवायचं, आणि खेकड्याचं प्रकरण

दोघांना किती पुरेल हा प्रश्न कॅप्टनला टाका. तो तुम्हाला जास्त खपवील अशी शंका असते, पण चांगल्या ठिकाणी उलटच होतं: "सर, एवढं होणार नाही दोघांना." माझा अंदाज असा: दोन स्टार्टर, एक मुख्य पदार्थ वाटून, सोबत भात किंवा रोटी, शेवटी एक गोड दोन चमच्यांसह. लहान ताटल्यांची पद्धत असेल तर चार-पाच. सगळं एकदम मागवू नका. स्टार्टर मागवा, मेन्यू टेबलावर राहू द्या.

काही शब्द आधीच माहीत असलेले बरे. टार्टार म्हणजे बारीक चिरलेलं कच्चं मांस किंवा मासा. सेव्हिचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. मांस कितपत शिजवायचं विचारलं आणि तुम्हाला आतून लाल आवडत नसेल तर "वेल डन" म्हणून मोकळं व्हा. त्यावरून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. बाकी जे कळत नाही त्यावर बोट ठेवून "हे काय असतं?" विचारायचं. एकाने शाकाहारी आणि एकाने मांसाहारी घेणं अगदी नेहमीचं आहे. फक्त सीफूडच्या ठिकाणी जाण्याआधी शाकाहारी माणसाला आलूगोबीवर बसवणार नाही ना, एवढं मेन्यूत बघा.

आता किमतीच्या जागी आकडाच नसलेले पदार्थ. माशांपुढे "एपीएस" असं लिहिलेलं असतं, म्हणजे आकाराप्रमाणे. कधी "बाजारभाव". इथेच नवी माणसं घसरतात. चांगल्या सीफूडवाल्याकडे खेकडा मागवला की कॅप्टन ट्रेमध्ये जिवंत खेकडा घेऊन येतो. नांग्या सुतळीने करकचून बांधलेल्या, डोळे देठांवर हलत असतात, मध्येच तोंडातून बुडबुडे काढतो. शेजारच्या टेबलावरची मुलं उठून बघायला येतात. कॅप्टन तो वर उचलून पोटाकडची बाजू दाखवतो आणि म्हणतो, "हा बघा सर, एकदम भरलेला." अशा वेळी दोघंही भारावून मान डोलावतात, आणि तेवढ्याने ऑर्डर पक्की होते.

मान डोलवण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. वजन किती, किलोचा भाव काय, आणि एकूण किती होतील. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मंद उजेडात, समोर खेकडा वळवळत असताना आठशे ग्रॅमचा हिशेब कुणाला सुचत नाही. "याहून लहान आहे का?" हा प्रश्न अगदी मान्य आहे, रोज विचारला जातो. बाजारात कोळणीशी जसं बोलता तसं इथे घासाघीस करता येत नाही, पण आकार निवडणं तुमच्या हातात असतं. पापलेट, जिताडा, शेवंड यांनाही हाच नियम.

पहिल्या भेटीत खेकडा मागवू नये असा सल्ला सगळे देतात: हात बरबटतात, चेहऱ्याला मसाला लागतो. मला उलटं वाटतं. गळ्यात तो प्लॅस्टिकचा बिब बांधून, अडकित्त्यासारख्या हत्याराने नांगी फोडताना माणूस ऐट मारूच शकत नाही. अर्ध्या तासात कळतं की समोरची व्यक्ती मांसाचा चांगला तुकडा काढून तुमच्या ताटात ठेवते की स्वतःच्या. फक्त पांढरा शर्ट नको.

प्यायचं असेल तर

महाराष्ट्रात कायद्याने दारूसाठी वय २५ लागतं, बिअर आणि वाईनसाठी २१. चेहरा कोवळा असेल तर ओळखपत्र मागतात, आधार फोनमध्ये असू द्या. वाईनची यादी बघून गोंधळायला होतं, त्यावर जुना तोडगा असा: यादीतल्या तुमच्या बजेटमधल्या किमतीवर बोट ठेवायचं आणि "साधारण असं काहीतरी, फार आंबट नको" म्हणायचं. वेटरला इशारा कळतो, समोरच्याला आकडा कळत नाही. नाशिकच्या वाइनरींच्या बाटल्या आयात केलेल्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात आणि आपल्या मसाल्यांबरोबर बऱ्या लागतात. दोघं दोन-दोन ग्लास पिणार असाल तर बाटली परवडते का ते बघा. बाटली आणून तुमच्या ग्लासात घोटभर ओततात ते ती खराब झालेली नाही ना हे तपासायला. आवडली की नाही, हा प्रश्न तिथे नसतो. वास बरा असला की मान हलवा.

न पिणाऱ्याने अवघडून कोकम मागवायला लाजू नये. मॉकटेलची किंमत कधी कधी बिअरच्या तोंडात मारेल अशी असते, म्हणून ताजं लिंबू सोडा हा राजमान्य पर्याय.

जेवताना खटकलं तर

खारट झालं, गार आलं, मागवलेलं नव्हतंच ते आलं, तर दोन घासांत सांगा. संपवून सांगितलंत तर कुणी काही करू शकत नाही. आवाज न चढवता "जरा बघता का, मीठ फार लागतंय" म्हटलं की चांगल्या ठिकाणी ताटली उचलून दुसरी आणतात. समोरच्यावर छाप पाडायला वेटरला झापणारे लोक असतात. छाप पडते, पण हवी ती नाही. फोटो काढायचे तर फ्लॅश बंद करून, पहिल्या दोन मिनिटांत, मग फोन उपडा.

बिल वाचून मगच पैसे

बिल आलं की ते वाचायचं. लाजायचं नाही, समोरच वाचायचं. वरपासून खाली: मागवलेले पदार्थ आणि तेवढेच आहेत का, माशाचा सांगितलेला आकडा तोच आहे का, पाण्याच्या बाटल्या किती. मग खाली सीजीएसटी २.५ आणि एसजीएसटी २.५, मिळून ५. दारूपुढे व्हॅट.

आणि मध्येच कुठेतरी सर्व्हिस चार्ज, बहुतेक १० टक्के. हा कर नाही. तो सरकारला जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि देणं न देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. तरी काही ठिकाणी तो छापून येतो, कधी वेगळ्याच नावाने. नको असेल तर "सर्व्हिस चार्ज काढून द्या, प्लीज" एवढं पुरतं. मॅनेजर दोन मिनिटांत नवं बिल आणतो. काढायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण त्या संध्याकाळी तिथे उभं राहून वाद घालायचा की पैसे देऊन बिल जपून ठेवून दुसऱ्या दिवशी तक्रार करायची, हे सोबतच्या माणसाकडे बघून ठरवा. मी दुसरा मार्ग धरीन.

सर्व्हिस चार्ज दिला असेल तर वेगळी टीप द्यायची गरज नाही. काढून घेतला असेल आणि वाढणाऱ्याने मनापासून केलं असेल, तर ५ ते १० टक्के रोख त्याच्या हातात द्या. यूपीआयने दिलेली टीप त्याच्यापर्यंत पोचते का ते तोच खरं सांगेल. यूपीआयवरून आठवलं: फोर्टातल्या जाड दगडी भिंतींच्या जुन्या इमारतींत नेटवर्क दगा देतं. कार्ड जवळ हवंच. अॅपची सवलत घ्यायची असेल तर बिल तिथूनच भरावं लागतं, म्हणून कार्ड मशीन यायच्या आत सांगा.

उरलेलं पॅक करून मागा. डाळ, बिर्याणी, कबाब, काहीही. मोठ्या हॉटेलात हे मागणं कमीपणाचं वाटतं, पण ते झकास कागदी पिशवीत घालून देतात आणि तुमच्या मागे कुणी हसत नाही. मासा आणि खेकडा मात्र तिथेच संपवा. उन्हाळ्यात डोंबिवलीपर्यंत तो टिकायचा नाही, आणि डब्यातले लोकही टिकायचे नाहीत.

परत येताना

मध्यरात्रीनंतर लोकल तुरळक होतात आणि साडेबाराच्या पुढे लांबच्या गाड्या जवळजवळ संपतात. शेवटची गाडी कितीची आहे ते निघण्याआधीच एम-इंडिकेटर या अॅपवर बघून ठेवा, आणि गोड मागवायच्या वेळी एकदा घड्याळ बघा. काळी-पिवळी टॅक्सी किमान ३१ रुपयांपासून मीटरने जाते, पण रात्री १२ ते पहाटे ५ भाडं सव्वापट. अॅपवाल्या गाड्या याच वेळेला भाव चढवतात, तेव्हा दोन्ही बघा. हॉटेलच्या दारातला माणूस टॅक्सी थांबवून देतो, त्याला वीस-पन्नास रुपये देण्याची रीत आहे. एकाला कल्याणला आणि दुसऱ्याला विरारला जायचं असेल तर लांबच्या माणसाची गाडी बघूनच बिल मागवायचं.